डोक्यावर वीतभर माती

भुईगाव, वसई
ता. १० मार्च २०२४

ति. सेलिन मावशीस,
डायनाचा स. न. वि. वि.

तुमच्या मिशनच्या डोंगरात अजून मोबाइलचा टॉवर आला नाही, हे एका अर्थी बरंच आहे. फोनवर बोलायची ताकद सध्या माझ्यात नाही. दिवसभर सुतार, गवंडी, प्लंबर यांच्याशी बोलून घसा बसतो. पत्र कसं, बसल्या जागी लिहिता येतं आणि समोरून कोणी मध्येच उलट प्रश्न विचारत नाही.

घर संपत आलं. जुन्या घराच्या स्लॅबमधल्या सळ्या खाऱ्या हवेने गंजून फुगल्या होत्या, म्हणून ते पाडावं लागलं, हे तुला कळवलंच होतं. नवीन घराचं डिझाइन मी फक्त आईला डोळ्यांसमोर ठेवून केलं. मे महिन्यात त्या तापलेल्या स्लॅबखाली तिचे काय हाल व्हायचे ते तू पाहिलं आहेस. ओला टॉवेल खांद्यावर घेऊन पंख्याखाली बसून राहायची बिचारी. म्हणून या वेळी बाहेरच्या भिंतींना सागाच्या फळ्या लावल्या. भिंत आणि फळी यांच्यात चार बोटं जागा मोकळी ठेवली आहे, म्हणजे ऊन फळीवरच अडतं आणि मधली गरम हवा वर निघून जाते. फळ्या वखारीतून निवडून आणलेल्या, जुन्या सागाच्या. जवसाचं तेल पाजलं की काय सुंदर रंग चढतो त्यांना!

आणि छपरावर माती. स्लॅबवर आधी वॉटरप्रूफिंगचा जाड कागद, त्यावर बारीक खडी, त्यावर कापड आणि सगळ्यात वर वीतभर माती. तिच्यात हरळी लावली आहे, आत्ताच हिरवी व्हायला लागली. माती पप्पांच्या वाडीतली आहे. वाडी नव्या रस्त्यात जाणार हे आता नक्की झालंय. तर निदान वरची माती तरी आपल्या घरी यावी असं मला वाटलं. आत्माराम सुतार मला रोज विचारतात, की छपरावर बकरी कधी बांधणार, म्हणजे ते दुधाला भांडं घेऊन येतील.

मी मात्र फार थकले आहे, मावशी. ऑफिस सांभाळून हे करायचं, म्हणजे रविवार नावाचा दिवस मी विसरले. आई इतके महिने एव्हरशाईन सिटीतल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये कंटाळून गेली होती. काल तिला घर दाखवायला आणलं. फाटकाशी उभी राहून तिने पाहिलं, चांगलं आहे म्हणाली, आणि पाणी मागितलं. उन्हाने दमली असेल.

ईस्टरनंतरच्या रविवारी फादर घराला आशीर्वाद द्यायला येणार आहेत. तू आलीस तर मला फार बरं वाटेल.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
डायना

—

सातपुडा मिशन, जि. नंदुरबार
ता. २४ मार्च २०२४

चि. डायनास,
मावशीचे अ. आ.

तुझं पत्र जीपवाल्याने शहाद्याहून आणलं. येणं मात्र जमणार नाही गं. वसतिगृहातल्या मुलींना एकामागून एक कांजिण्या येताहेत. निम्म्या अंथरुणात आणि उरलेल्या खाजवणाऱ्यांवर पहारा करताहेत. विहिरीनेही तळ दाखवलाय. इथून आशीर्वाद पाठवते, तो फादरांच्या आशीर्वादाच्या मागे उभा राहील.

एक सांगू का? तुझ्या आईला मी तुझ्यापेक्षा जास्त वर्षं ओळखते. नवा तवा आणला तरी ती त्यात खोट काढते. मी सिस्टर झाले त्या शपथविधीच्या दिवशी सगळी माणसं रडत होती, आणि ही माझ्या पोशाखाची शिवण कशी तिरकी आहे ते दाखवत होती. तिने एवढं घर पाहिलं आणि नुसतं चांगलं आहे म्हणाली, हे माझ्या मनाला लागून राहिलंय. जरा बघ.

रात्री जेवत जा. हाडं दिसायला लागली तर मी वसईला येऊन तुलाच वसतिगृहात भरती करीन.

तुझ्यासाठी रोज प्रार्थना करणारी,
सेलिन मावशी

—

भुईगाव
ता. २० एप्रिल २०२४

प्रिय सेलिन,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या पोरींच्या कांजिण्या उतरल्या का? त्यांना खाजवू देऊ नकोस, नाही तर लग्नाच्या वेळी डाग दिसतात.

इथे आशीर्वादाचा कार्यक्रम छान झाला. फादरांनी खोल्याखोल्यांतून पवित्र पाणी शिंपडलं आणि मग शिडीने वर चढून छपराचे फोटो काढले. अर्धा गाव येऊन फळ्यांवर हात फिरवून गेला. सगळे म्हणाले, आत किती गार वाटतं. गार आहेच, खोटं का बोलू?

पण मी पडवीत झोपते. डायनाला सांगितलंय, मला वारा लागतो. तुला खरं लिहिते, कारण तू लांब आहेस आणि लोकांचं ऐकून पोटात ठेवायची तुला सवय आहे.

पहिल्या दुपारी मी माझ्या खोलीत आडवी झाले. डोळे मिटले, त्या फळ्यांच्या तेलाचा वास आला आणि मनात आलं, चारी बाजूंनी लाकूड आणि वर माती. सेलिन, हे काय असतं ते तुला सांगायला नको. आपण दोघींनी मिळून किती पेट्यांवर मूठ मूठ माती टाकली. बाबांच्या, आईच्या, मेरी आत्याच्या. फक्त टोनीच्या पेटीवर मला टाकता आली नाही. मी मागच्या खोलीत तापात कोंडलेली होते आणि त्याला कोरोनात हॉस्पिटलमधून परस्पर नेलं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. डायना बापासाठी दफनभूमीच्या फाटकाबाहेर उभी होती, तिलाही जवळ जाऊ दिलं नाही. कोणा अनोळखी माणसांनी फावड्याने माती लोटली. त्यांची तोंडंही दिसली नाहीत म्हणे.

आता मी त्या खोलीत आडवी होते तेव्हा वाटतं, टोनीच्या जागी मीच आहे आणि वर कोणीतरी फावडं घेऊन उभं आहे. श्वास कोंडतो. उठून बाहेर यावंच लागतं. रोजरीची माळ हातात घेऊन झोपून पाहिलं, तर ते आणखी वाईट. हातात रोजरी देऊनच तर पेटीत ठेवतात.

पोरीने माझ्यासाठी किती केलं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलंय. तिला हे कोणत्या तोंडाने सांगू? तूही सांगू नकोस.

तुझ्याशिवाय मला बोलायला कोण आहे, हे विसरू नकोस.

तुझी,
रोझलीन

—

सातपुडा मिशन
ता. ५ मे २०२४

प्रिय रोझलीनताईस,
स. न. वि. वि.

मी सांगणार नाही, शब्द दिला. तू वेडी आहेस असंही म्हणणार नाही. टोनीभावजींना कसं नेलं ते मला आठवतं. इथे चॅपेलमध्ये मी एकटीने त्यांच्यासाठी प्रार्थना म्हटली होती आणि मलाही ती अपुरीच वाटली.

पण ताई, तू सांग तिला. कारण कळलं नाही तर ती स्वतःच्या कामात चूक शोधत बसेल आणि सापडेपर्यंत झोपणार नाही. स्वभाव बापाचा आहे तिचा. आणि पडवीत निदान मच्छरदाणी तरी लाव, तिथले डास काही प्रार्थना ऐकत नाहीत.

इकडे पाण्याचा टँकर कधी येतो, कधी येत नाही. मीही दमले आहे. म्हणून पत्र आखूड आहे, जीव आखूड नाही.

तुझी,
सेलिन

—

भुईगाव
ता. २३ मे २०२४

ति. सेलिन मावशीस,
डायनाचा स. न. वि. वि.

आईला ताप येऊन गेला. डासांचाच. डॉक्टर मला रागावले, की स्वतःचं घर असताना या बाईंना उघड्यावर का झोपवता.

माझं तिला सगळं विचारून झालं होतं. तेलाचा वास सोसत नाही का, खिडकी लहान वाटते का, ओल जाणवते का. खोलीत थर्मामीटर लावून बसले होते. काल दुपारी मात्र माझा धीर सुटला. मी तिची गादी उचलून आत न्यायला लागले, तर ती दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, की मी पेटीत झोपणार नाही, माझी वेळ येईल तेव्हा खुशाल घाल. मग तिथेच उंबऱ्यावर बसली आणि पप्पांपासून सगळं सांगितलं. मला वाटतं, तुला हे ठाऊक होतं. असो, तुझ्यावर रुसायचं माझ्यात त्राण नाही.

मावशी, ऊन कुठून येईल, वारा कुठून, पाणी कसं वाहून जाईल, हे मी कागदावर किती वेळा पाहिलं. आणि लाकूड नि माती एकत्र आली की आपल्या लोकांना काय दिसतं, ते मला दिसलंच नाही. मी समजत होते, पप्पांची वाडी तिच्या डोक्यावर सावलीसारखी आणून ठेवतेय.

मला राग आलेला नाही. रागालाही थोडी ताकद लागते. सोमवारी आत्मारामकाका माणसं घेऊन येताहेत. पाऊस सुरू व्हायच्या आत माती उतरवून टाकतो आणि वर साधे पत्रे घालतो. फळ्याही काढू का, असं आईला विचारलं. ती उठली आणि गादी पडवीत परत अंथरायला लागली.

लोभ ठेव. सल्ला मात्र नको, तो घ्यायला माझ्याकडे जागा उरली नाही.

तुझी,
डायना

—

भुईगाव
ता. २ जून २०२४

प्रिय सेलिन,
ताईचे अ. आ.

तुझी भाची तुला लिहीलच, पण ती खाली होती आणि वर काय झालं ते तिने पाहिलेलं नाही. म्हणून मी लिहिते.

सोमवारी माणसं आली. डायना तुळशीच्या रोपासारखी सुकून गेटपाशी उभी. मी पडवीत बसून ठरवलं होतं, बघायचं नाही. पण वरून पहिली टोपली धप्पकन खाली पडली ती थेट विटांच्या तुकड्यांत आणि सिमेंटच्या चुऱ्यात. मग दुसरी. सेलिन, ती आमच्या वाडीची माती. टोनीने तिच्यात किती वर्षं मासळीचं खत घातलं, पानवेली नि केळी काढल्या. अशी माती कोणी डेब्रिसमध्ये फेकतं का? माझं डोकं फिरलं. शिडी चढून वर गेले. आत्माराम खालून शिडी धरून ओरडत होता, की काकी पडाल. मी त्याला सांगितलं, की पडले तर मातीतच पडेन.

वर जाऊन त्या माणसांना चांगलं झापलं. ती बिचारी टोपल्या ठेवून एका बाजूला सावलीत बसली. एका कोपऱ्यात खणलेला खड्डा होता, खालचं कापड दिसत होतं. मी त्या खड्ड्याशी बसले. माती हातात घेतली. गांडुळं होती, हरळीची पांढरी मुळं होती. आपली माती कशी वासाने ओळखू येते, तशी ती आली.

आणि मग मी काय केलं ते फक्त तुला सांगते. मी टोनीचं नाव घेतलं, आपण म्हणतो ती प्रार्थना म्हटली, आणि मूठभर माती त्या खड्ड्यात टाकली. तीन वर्षं ती मूठ माझ्याकडेच राहिली होती बघ. खूप रडले. त्या माणसांना वाटलं, म्हातारीला ऊन लागलं. त्यांनी मला प्यायला पाणी दिलं, आणि कोणी काही विचारलं नाही.

खाली येऊन मी सगळ्यांना चहा केला आणि माती परत वर न्यायला लावली, विटांचे खडे निवडून. डायनाला एवढंच म्हटलं, की ही माती फुकट घालवायची नाही.

झोपते मात्र अजून पडवीतच. उगाच तुला बरं वाटावं म्हणून काही लिहिणार नाही. आत जाते, कपाट उघडते, दुपारची भांडी लावते, पण आडवी होऊ म्हटलं की पाय बाहेर वळतात. होईल तेव्हा होईल.

तुझ्या पोरींना माझा पापा. विहिरीला पाणी येवो.

तुझी,
रोझलीन

—

भुईगाव
ता. २१ जुलै २०२४

ति. सेलिन मावशीस,
डायनाचा स. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी तुला तोडून बोलले, त्याबद्दल माफ कर. आता थोडी माणसात आले आहे.

आई रोज सकाळी छपरावर असते. माझी हरळी एका बाजूने उपटून तिने तिथे लाल माठ, भेंडी आणि झेंडू लावलाय. मी सांगून थकले, की त्या छपराला हलकं गवत हवं, खोल खणायचं नाही. तर तिने कुदळीने वॉटरप्रूफिंगचा कागदच फाडला आणि स्वयंपाकघरात थेंब थेंब गळायला लागलं. दोन रविवार माझे त्यात गेले. वर तिचं ऐकून घ्यायचं, की कसली आर्किटेक्ट तू, छपरावर शेत केलंस आणि चढायला जिना ठेवला नाहीस! आता आत्मारामकाका बाहेरच्या बाजूने लाकडी जिना करताहेत. माझ्या सरळ, सुंदर फळ्यांच्या भिंतीवर तो आडवातिडवा जाणार आहे. मी नकाशाकडे बघणं सोडून दिलंय.

समुद्राकडच्या बाजूच्या फळ्या पावसाने काळपट पडल्या. तेल पुन्हा लावायला हवं, दिवाळीनंतर बघू. सगळंच नीट झालं असं म्हणणार नाही. पण आत खरंच गार आहे.

काल मला बरं नव्हतं, म्हणून मी ऑफिसमधून दुपारीच परतले. पाऊस थांबून कडक ऊन पडलं होतं. शिडी भिंतीला टेकलेली, वर कोणी नाही. पडवीत बिछाना गुंडाळलेला. हाका मारत आत गेले. आई तिच्या खोलीत होती. पाय धुवायलाही थांबली नसावी, कारण घोट्यांपर्यंत चिखल होता आणि चादर खराब झाली होती. एक हात गालाखाली घेऊन कुशीवर झोपली होती. जरा टेकायचं म्हणून बसली असेल आणि दमलेली असल्यामुळे लवंडली असेल. तोंड थोडं उघडं होतं आणि घोरत होती, मावशी, चांगली मोठ्याने.

मी दार लोटून घेतलं, पडवीत तिच्या गुंडाळलेल्या बिछान्यावर बसले, आणि ती उठेपर्यंत कोणालाही फाटकाच्या आत येऊ दिलं नाही.

तुझी,
डायना