लांबचा नंबर

ता. ४ मार्च

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. तुझ्याकडे आठवडाभर मी नुसती लोळले. काकांनी म्हणे नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते पाहिलं. त्यांना सांग, चालू आहे.

निघताना इतकं ताजंतवानं वाटत होतं, की वाटलं गाडी आली रुळावर. पण सोमवारी चष्म्याच्या दुकानाचं काचेचं दार ढकललं आणि हात शिशाचे झाले. काम ते काय? डोळे तपासायचे, बसल्या जागी. पण साहेबांची ताकीद आहे, तपासायला बसलेला माणूस रिकाम्या हाताने जाता कामा नये. मग ठणठणीत डोळ्यांनाही मी गोड आवाजात सांगते, लांबचा थोडा नंबर आलाय. काल एका बसड्रायव्हरला सांगितलं. तो वर माझेच आभार मानून गेला. खोलीवर येऊन मी चपला न काढता पलंगावर पडले, ती सकाळपर्यंत. आईला यातलं काही बोलू नकोस. ती गल्लीभर सांगत असते, आमची ठमी लोकांना दृष्टी देते.

लोभ आहेच, थोडा वाढवलास तर नको म्हणणार नाही.

तुझी,
ठमी

ता. १२ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

आधी वाटलं, तुला टॉनिक पाठवावं. मग काल वहिनी आल्या आणि टॉनिकचा विचार सोडला.

नाकावर नवाकोरा चष्मा, सोनेरी काड्यांचा. तुझ्याच दुकानातला! लेकीला चकित करायला गेल्या होत्या म्हणे. तू त्या दिवशी सुट्टीवर. तुझ्या जोडीदारणीने प्रेमाने बसवून तपासलं आणि लांबचा थोडा नंबर काढला. चष्मा लावला की त्यांचं डोकं ठणकतं, तरी काढत नाहीत. म्हणतात, पोरीच्या दुकानातला आहे, होईल सवय. हे म्हणत त्या आमच्या उंबऱ्याला ठेचकाळल्या.

मी तोंडाला कुलूप लावलंय. किल्ली तुझ्याकडे आहे, बाई. उशीर करू नकोस.

काकांचे आशीर्वाद. जेवत जा.

तुझी आत्या

ता. २५ मार्च

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी घरी गेले. आईला खिडकीशी उभं केलं आणि समोरच्या दवाखान्याची पाटी वाचायला लावली, आधी चष्म्यातून, मग नुसत्या डोळ्यांनी. नुसत्या डोळ्यांनी तिने खालचा बारीक फोन नंबरसुद्धा घडाघडा म्हटला. मग मी सगळं सांगितलं. वाटलं, रागावेल. तिने शांतपणे एवढंच विचारलं, "तूपण असंच सांगतेस लोकांना?"

मी हो म्हटलं. ती चहा टाकायला उठली, आणि मी तिच्या पदरात तोंड खुपसून लहान पोरासारखी रडले.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं, ज्याला नंबर नाही त्याला नाही म्हणेन. ते हसले, म्हणाले, दोन दिवसांत ताळ्यावर येशील. शनिवारपर्यंत मी आठ जणांना परत पाठवलं होतं. संध्याकाळी त्यांनी मला कायमचं घरी पाठवलं. पुढे काय, ठाऊक नाही. भीती वाटते, पण भूकही लागते.

आशीर्वाद पाठव, आताशा फार लागतात.

तुझी,
ठमी

ता. २ मे

सौ. वन्संना,
सप्रेम नमस्कार.

ठमी सध्या घरीच राहते, इथल्या धर्मादाय दवाखान्यात डोळे तपासते. पगार बेताचा, रांग मारुतीच्या शेपटीएवढी. दमून येते, पण ताट पुसून जेवते.

खरी बातमी वेगळीच. दुकानात होती तेव्हा सुट्टीला घरी आली, की पोरगी माझ्या प्रत्येक गोष्टीला नुसतं हं म्हणायची. मी मुद्दाम आमटी खारट केली, तरी हं. काल मात्र पंख्याच्या वेगावरून माझ्याशी कडाकडा भांडली. शेजारीण बघायला आली. मीही माघार घेतली नाही. म्हटलं, होऊन जाऊ दे.

भावोजींना नमस्कार. जीव लावता तसाच लावत राहा.

तुमची,
वहिनी