ब्रेक नसलेली गाडी आणि तुझे दाजी

चि. धाकट्यास,

ताईचा आशीर्वाद आहेच, तो काही पळून जात नाही, पण आधी मला एवढं सांग की कपडे धुवायच्या दुकानात मोटारसायकल कोण ठेवतं? तीही ब्रेक नसलेली! बिघडलेला नाही, झिजलेला नाही, बनवणाऱ्याने मुळात लावलेलाच नाही. (तुला हे नवीन नाही, तूही त्याच वेड्यांतला. पण बावीस वर्षं शहाण्या माणसांत राहून विसरला असशील म्हणून सांगते.) मागच्या शेडचं छप्पर गळतं म्हणून "दोनच दिवस" म्हणत ती आत आणली, त्याला आता तीन महिने झाले. एका बाजूला धुवायचं मोठं मशीन, दुसऱ्या बाजूला इस्त्रीचं टेबल, आणि मधोमध ही नवरीसारखी उभी. गिऱ्हाईक आत आलं की आधी त्याचं कोपर हिच्या हँडलला लागतं, मग त्याला मी दिसते. परवा दवाखान्यातली नर्स डॉक्टरांचे पांढरे कोट न्यायला आली आणि विचारते, "ही पण धुवायला आलीय का?" मी म्हटलं, "नाही बाई, ही माझा संसार धुवायला आलीय."

तू बरा असशील. भावजय बरी असेल. भाची आता माझ्या उंचीची झाली असेल. थंडीत तुझा खांदा दुखतो असं भावजय म्हणाली, तर मिठाचा शेक घे आणि हट्ट कमी कर, तिसरा उपाय नाही. आम्ही बरे आहोत. म्हणजे मी बरी आहे. पत्र लिहायला बसले कारण फोनवर दाजींचं नाव काढलं की तुझी लाईन कटते. दर वेळी बरोबर तिथेच कशी रे कटते? कागद कटत नाही. माझं लिहिणं कसं आहे ते तुला ठाऊक, चौथीत शाळा सुटलेली बाई मी. जिथे अडशील तिथे मोठ्याने वाच, मी ओरडतेय असं वाटलं की कळेल.

तर गाऱ्हाणं असं. आपलं जुनं मैदान आता खणणार. तिथे कुणाचं तरी गोदाम होणार आहे. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळ्या जुन्या रेसवाल्यांना आणि बघ्यांना शेवटचं बोलावलंय, आणि ज्याला हौस असेल त्याने रिंगणात गाडी फिरवावी असं ठरलंय. ज्याने ठरवलं त्याला माझ्यासमोर आणून उभा करा, मी त्याची हौस फिरवते. कारण आमच्याकडे नाव पहिल्या दिवशीच गेलं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, डाव्या गुडघ्यात लोखंडी सळई, जिना उतरताना खेकड्यासारखा आडवा उतरतो, आणि म्हणे रिंगणात उतरणार. मी म्हटलं, आधी जिन्यावरून सरळ उतरून दाखवा. तर म्हणाले, "रिंगणात सरळ कुठे जायचं असतं?" यावर काय बोलणार? कपाळ?

तेव्हापासून दर रविवारी दुकान बंद असलं की मंडळी जमते. मंडळी म्हणजे तिघं. एक बेकरीवाला, जो तेव्हा काडीसारखा होता आणि आता स्वतःच्या पावासारखा फुगलाय. दुसरा चिखल्या, तो तुमच्यातला नाही, तो डोंगरावरून आणि खड्ड्यांतून उड्या मारणाऱ्या मोटोक्रॉसवाल्यांतला. तिसरा पोस्टमन, जो आयुष्यात गाडीवर बसला नाही पण कुणी कोणत्या वर्षी कितव्या वळणावर दात पाडून घेतला ते त्याला पाठ आहे. (स्वतःच्या लग्नाची तारीख बायकोला विचारतो.) चिखल्या म्हणतो, "तुम्ही काय, घाण्याचे बैल, एकाच जागी डावीकडे गोल गोल." हे म्हणतात, "आणि तू बेडूक. उडालास की चिखलात." झालं, दोन तास सरले. चहा मात्र दोघांनाही एकाच किटलीतला लागतो. आणि ते एरंडेल! या गाड्यांना ते तेल घालायचे ना, त्याची जुनी बाटली यांना शेडमध्ये सापडली. चौघं, म्हणजे तीन आणि हे, आळीपाळीने बाटली हुंगतात आणि डोळे पुसतात. एरंडेलाने माणसाचं जे व्हायचं ते मला ठाऊक होतं, पण डोळ्यांतून पाणी येताना मी प्रथमच पाहिलं.

मग खुर्च्या मांडतात. चार खुर्च्या एका ओळीत, जशा शर्यत सुटायच्या फितीमागे चार गाड्या उभ्या राहतात तशा. पोस्टमन इस्त्रीच्या टेबलामागे उभा राहून माझा टॉवेल खाली टाकतो की शर्यत सुटली. तीन म्हातारे डावा पाय लांब करून, ढुंगण उचलून, तोंडाने घर्रर्र आवाज काढत डावीकडे कलतात. (चिखल्या मध्येच उडी मारतो, त्याला सवय जात नाही.) मागच्या महिन्यात सगळे एकदम इतके कलले की बेकरीवाला यांच्यावर, हे चिखल्यावर, आणि चिखल्या कोटांच्या टोपलीत. त्यांना वेगळं करायला मला अर्धा तास लागला, आणि कुणाचा पाय कुणाचा यावर वाद झाला तो निराळा.

आता चौथ्या खुर्चीवर कोण, ते विचार. तिथे धुवायच्या चादरींचं गाठोडं ठेवतात. ते गाठोडं म्हणजे तू. मी विनोद करत नाही. "हा निळ्या टोपीत आतल्या बाजूने," (हेल्मेटवर तू चढवायचास ती टोपी) असं म्हणून हे त्याला शेजारी बसवतात, सगळी शर्यत त्याला शिव्या घालतात, आणि खुर्च्या पडल्या की स्वतःचा गुडघा धरून आधी गाठोडं उचलून जागेवर ठेवतात. बावीस वर्षं तुझं नाव घेत नाहीत रे, पण गाठोड्याशी बोलतात. गेल्या आठवड्यात मला त्या चादरी खरंच धुवायच्या होत्या, तर म्हणाले, "थांब, अजून दोन फेऱ्या राहिल्यात."

आणि आता खरं सांगते, पत्र का. दहा दिवसांपूर्वी या शहाण्यांनी गाडी चालू केली. तिला किक नसते, ढकलावी लागते. तिघांनी दुकानासमोरच्या गल्लीत ढकलली, हे वर बसलेले, मी म्हणत होते होणार नाही, होणार नाही, इतक्या वर्षांचं इंजिन, आणि झालं की रे! असा आवाज झाला की शेजारच्या न्हाव्याने गिऱ्हाइकाची अर्धी मिशी उडवली. ढकलणारे तिघं रस्त्यावर बसलेले आणि हे गेलेले. गल्ली पुढे उजवीकडे वळते ना? यांना कुठे उजवीकडे वळता येतं! डावीकडे न्हाव्याचं मागचं अंगण होतं, त्याचं फाटक उघडं होतं, हे त्यातून आत. तिथून पुन्हा डावीकडे, शिवणाच्या क्लासच्या मागून. पुन्हा डावीकडे. ढकलणाऱ्यांचा श्वास जागेवर यायच्या आत हे आमच्याच मागच्या दारातून दुकानात हजर! ब्रेक नाही, त्यामुळे वाळत घातलेल्या हॉटेलच्या सोळा चादरी घेऊन कपड्यांच्या पोत्यांवर जाऊन थांबले. मी हातात लाटणं मिळतंय का बघत धावले. चादरी एकेक करून सोडवल्या, शेवटची सोडवली तेव्हा आत यांचं तोंड. अरे, काय तोंड होतं ते! लग्नात नव्हतं एवढं तेज. मी काही बोलले नाही. (पाच मिनिटं. मग बोलले. न्हावीही येऊन ऐकून गेला.)

डॉक्टर म्हणतो, एकदा पडले की ती सळई गुडघ्यातून बाहेर येईल. मी रडून बघितलं, उपाशी राहून बघितलं (दुपारपर्यंत), गाडीचा प्लग काढून पिठाच्या डब्यात लपवला तर त्यांनी पीठ चाळून काढला. आता एकच माणूस राहिला, ज्याचं ते ऐकतील, आणि तो बावीस वर्षं रुसून बसलाय. तू भाऊ आहेस ना माझा? तर ये, आणि त्यांना समजाव. बाकी काही मागत नाही.

तुमच्या दोघांत काय झालं ते मला काय सांगतोस. मोसमाची शेवटची शर्यत, नेहमीसारखी चार फेऱ्यांची, तू पुढे, हे तुझ्या मागच्या चाकाला चिकटलेले, तिसरी फेरी संपता संपता तू एकदम मुठीतली रेस सोडलीस आणि हात वर केलास, आणि मागून हे ब्रेक नसलेल्या गाडीवर. तुझा खांदा, यांचा गुडघा. तू म्हणालास शर्यत संपल्याचा झेंडा पडला होता. हे म्हणाले झेंडा कुठे होता, मुद्दाम पाडलं. सगळे हसले तुला. तू आठवड्यात सामान बांधून गेलास. एवढंच ना? आता दोघांचे केस गेले, राग तेवढा दाट राहिलाय. पुरे झालं.

भावजयीला सांग, मी विचारलं म्हणून. भाचीला गोड पापा. कोट वाफेवर आहेत, थांबते.

तुझी ताई

ता. क. थांबता येत नाही. अर्धा तास पाकीट बंद करून पुन्हा उघडलंय, तेव्हा डिंकाकडे बघू नकोस. मी तोंडावर बोलणारी बाई असं सगळे म्हणतात. मीही म्हणते. तर ऐक. झेंडा पडला होता. पोस्टमन नेहमी फेऱ्या मोजायचा, त्या दिवशी त्याची दाढ सुजली म्हणून मला उभं केलं. शर्यतीच्या सेक्रेटरीने विचारलं होतं, "चारपर्यंत मोजता येतं ना?" मी म्हटलं, चौथीपर्यंत शिकलेय. पण दुसऱ्या फेरीला माझा भाऊ आणि माझा नवरा अगदी खांद्याला खांदा लावून माझ्यासमोरून गेले आणि मी ती फेरी दोनदा मोजली. झेंडा फडकवला आणि त्याच क्षणी चूक कळून मागे घेतला. फक्त तुला दिसला, कारण हे तुझ्या धुरळ्यात होते आणि बघ्यांची मान वळणाकडे. सगळे तुमच्याकडे धावले. मी झेंड्यावर बसले. सेक्रेटरीने विचारलं तेव्हा मी म्हणाले, झेंडा गुंडाळलेलाच होता. दोघांच्याही अंगातून रक्त येत होतं आणि मला वाटलं, हे माझ्यामुळे असं कळलं तर दोघंही जातील. एक तर गेलाच. तू खोटारडा नव्हतास. मी होते. बावीस वर्षं झाली, तोंडावर बोलायला एवढा वेळ लागला.

ता. क. दुसरं. यांनाही सांगितलंय. गेल्या रविवारी शर्यत तिसऱ्या फेरीला आली तेव्हा हे गाठोड्याला म्हणाले, "एकदा सांग ना बाबा, का सोडलीस रेस?" रागाने नाही रे. आजारी माणसाला विचारतात ना, तसं. माझ्या हातून कोटाची बाही जळली आणि मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. बेकरीवाला उठून उभा राहिला. चिखल्या हसायला लागला आणि कुणी हसत नाही बघून थांबला. यांनी गाठोडं खुर्चीवर नीट बसवलं. मग मला विचारलं, "किती फेऱ्या झाल्या होत्या?" म्हटलं, तीन. "म्हणजे एक राहिली," म्हणाले. आणि उठून कार्बोरेटर धुवायला गेले. माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना ताटाकडे बघून म्हणाले, "त्याला लिही. तो पुढे होता, तो पुढेच उभा राहील. मी एक गाडी मागे."

ता. क. तिसरं. वर समजवायला ये असं लिहिलंय ते वाचू नकोस. ते मी खोडणार होते, पण कागद फाटतो. डॉक्टर खड्ड्यात गेला. एकच फेरी आहे, हळू चालवा म्हणून मी दोघांना दटावीन, ऐकणार नाही ते ठाऊक आहे. बेकरीवाला तुला त्याची गाडी देतोय, स्वतः मावत नाही म्हणून. तुझा डावा बूट, तो लोखंडी तळाचा, इथेच माळ्यावर आहे, मी घासून ठेवलाय. या वेळी झेंडा पोस्टमनकडे, दाढ दुखो की न दुखो. मी नुसती उभी राहीन. तुझं नाव परवाच देऊन आले, निळी टोपी. नावं शर्यतीआधीच्या गुरुवारी संध्याकाळी बंद होतात, तोवर मला कळव. "येतो" म्हणायचं असेल तर फोन कर, लाईन कटली तरी मी समजेन. "नाही" म्हणायचं असेल तर फोनवर चालणार नाही, गुरुवारच्या आत इथे येऊन माझ्या तोंडावर म्हण.