नाही म्हणणारी पेशंट

१२ जानेवारी
हॉस्टेल

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे मी ठीक आहे. वजनही वाढलंय, मेसची कृपा.

आम्हा नर्सिंगवाल्यांना इंग्रजीतून विनंती करायची परीक्षा असते. एक जण नर्स, एक जण पेशंट, सगळं खोटं खोटं. ‘कुड यू प्लीज’ म्हणून हात पुढे करायला सांगायचं, कूस बदलायला सांगायचं. पहिल्या दिवशी मी खाटेवरच्या मैत्रिणीला आधी धरून कुशीवर वळवलं आणि मग प्लीज म्हटलं. सगळा वर्ग खो खो हसला. मॅडम म्हणाल्या, “अगं, ती पेशंट आहे, तुझी धाकटी बहीण नाही.” आता घरात प्लीज कोण कोणाला म्हणतं? तू “भोंगा, पाणी” म्हणायचास आणि मी बडबड करत का होईना, आणून द्यायचे.

मग मी वाक्यं घोकली. परवा परीक्षेत मॅडम स्वतःच म्हातारी पेशंट होऊन झोपल्या. कशालाही नाही म्हणणाऱ्या पेशंटची समजूत काढायची होती. ऑपरेशनआधी हातातली अंगठी काढा, असं मी अगदी गोड आवाजात विनवलं. त्या इंग्रजीत म्हणाल्या, “नाही. आधी माझ्या मुलाला बोलवा.”

मला पुढचं वाक्य पाठ होतं, पण रडू फुटलं. नापास झाले.

दादा, आईच्या पोटात गाठ आहे. डॉक्टर म्हणतात, आता थांबू नका. तिचं एकच पालुपद, “त्याला एकदा बघू दे, मग झोपते टेबलावर.” तुझ्या लग्नाला ती आली नाही, ते तुला फार लागलं, मला कळतं. मी तिला हात जोडले, रागावले, अबोला धरला. काही केल्या ऐकत नाही. उद्या नर्स होणार मी, आणि स्वतःच्या आईला दवाखान्यात न्यायला गाडीत बसवू शकत नाही.

तुला प्लीज म्हणायला जीभ वळत नाही. वहिनीला घेऊन ये, एवढंच.

वर्गात पेशंट नाही म्हणाला की पुढे काय बोलायचं, ते मॅडमनी शिकवलेलं असतं. तू नाही म्हणालास, तर माझ्याकडे पुढे काही नाही.

तुझी,
भोंगा