आफ्रिकेत कोणाला घ्यायचं

महानगर, लखनौ
३ डिसेंबर १९९५

प्रिय शमू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच टेबलावर टाकून देशील अशी मला भीती आहे. तरी लिहिते. गेले अडीच महिने मी दर रविवारी बडोद्याला फोन लावते आणि दर रविवारी सत्यजित अगदी गोड आवाजात सांगतो, "आत्ताच डोळा लागलाय तिचा." इतकी झोपणारी तू नव्हेस, हे त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही. बिचारा जावई खोटं बोलून बोलून दमला असेल. तू फोनवर येत नाहीस, म्हणून कागदावर बोलते.

इकडचं म्हणशील तर बाबांचा गुडघा पुन्हा धरलाय. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी वनस्पती-संशोधन संस्थेतली रोपं आपल्यावाचून वाळतील असं त्यांना वाटतं, आणि रोज लंगडत तिकडे एक फेरी होतेच. इथे जवळच्या कपूरथला बाजारात मटार आलाय. शेजारच्या वर्मा भाभी रोज गेटवर पकडून विचारतात, "नातिन की फोटो आई, मालिनी जी?" मी म्हणते, "बस, आती ही होगी." फोटो येणार नाही हे मला माहीत असतं. बाबा म्हणतात, तिला थोडा वेळ दे. मी वेळ द्यायला तयार आहे गं, पण दिवसभर शाळेत जे बघते आणि करते, ते तुझ्याशिवाय कोणाला सांगणार? बाबा ऐकतात आणि चहा टाकू का म्हणून विचारतात.

आमच्या शाळेच्या वार्षिकोत्सवातलं 'विश्व-दर्शन' तू विसरली नसशील. सहावी-सातवीची मुलं जगातल्या प्रदेशांची सोंगं काढून स्टेजवरून चालत जातात, मागे जगाचा मोठा नकाशा, आणि एक सूत्रधार छडीने एकेक प्रदेश दाखवतो. एस्किमोंच्या कोटाला कापूस चिकटवलेला, वाळवंटातल्या बेदूइनांच्या अंगावर कोणाच्या तरी घरची पलंगपोस, युरोपच्या मुलांना रूज आणि पावडर. विषुववृत्तीय प्रदेशाला सुतळीचे घागरे आणि तव्याच्या बुडाची काजळी. शाळेतली आया स्वयंपाकघरातले तवे खरवडते, खोबरेल तेलात काजळी कालवते आणि स्टीलच्या ताटलीतून आणून देते. एकोणीस वर्षं ही ताटली माझ्या हातात आहे.

आणि निवड? निवडही माझीच. शरदातल्या उन्हात मुलांना मैदानावर रांगेत उभं करायचं आणि चेहऱ्यांवरून नजर फिरवत जायचं. गोरी, घाऱ्या डोळ्यांची मुलं युरोप. चौकीदार थापाची बसक्या नाकाची पोर चीन-जपान. गव्हाळ असेल तो वाळवंटात. आणि काळीसावळी असतील ती आफ्रिकेत. साठ मुलांचं जग मी दहा मिनिटांत वाटून टाकत असे. कोणाला भूगोल येतो, कोणाचा आवाज खणखणीत आहे, असले प्रश्न मला कधी पडलेच नाहीत. स्टाफरूममध्ये "मालिनी जी की नज़र" म्हणून कौतुक व्हायचं आणि मी ते कौतुक चहाबरोबर चवीने पीत होते. आज ते आठवलं तरी शिसारी येते.

या वर्षी सातवीत हेमा नावाची मुलगी आली आहे. बख्शी का तालाबच्या एअर फोर्स स्टेशनवर तिचे वडील, गोपीनाथ, मेसमध्ये काम करतात. मूळचे ओरिसाचे. पोर बसने तासभर हेलकावे खात येते आणि पहिल्या बाकावर बसते. डोळे मिटून नकाशा भरते ती, शमू. कोऱ्या नकाशावर कॅस्पियन समुद्र बरोब्बर जागी ठेवणारं मूल मला एवढ्या वर्षांत दुसरं मिळालेलं नाही. तिने येऊन मला स्वच्छ विचारलं, "मैम, सूत्रधार मैं बनूँ?" मी मनातून हो म्हटलं होतं. खरंच म्हटलं होतं. पण आमच्या प्रिन्सिपल मिसेस टंडन यादी बघून म्हणाल्या, "मालिनी जी, इतने मेहमान आएँगे। सबसे आगे यह बच्ची? इसको तो आप अफ़्रीका में रखिए, मेकअप का भी कम झंझट।" आणि स्वतःच हसल्या. मीही हसले, शमू. मोठ्याने नाही, पण हसले. मग छडी ऋचाकडे गेली. ऋचाचे वडील सचिवालयात मोठे अधिकारी आहेत, पोर दिसायला लोण्यासारखी आहे आणि भूगोलाचा नि तिचा काडीचा संबंध नाही.

पंचवीस नोव्हेंबरला कार्यक्रम झाला. पडद्यामागे अकरा विषुववृत्तीय मुलं भिंतीला लागून उभी होती. मी ताटली घेऊन एकेकाच्या तोंडाला काजळी फासत चालले होते. खवट तेलाचा वास, घामट मुलं, माझे हात कोपरापर्यंत काळे. हेमाचा नंबर आला. एक गाल रंगवून झाला, तेव्हा तिने अगदी हळू विचारलं, "मैम, आपने मुझे इसलिए चुना न कि मैं काली हूँ? फिर यह क्यों लगा रही हैं?" उद्धटपणा नव्हता गं त्यात. तिला खरोखरच समजून घ्यायचं होतं. गणितात एखादी पायरी कळली नाही की विचारते तसं विचारलं तिने. मी ताटली खाली ठेवायला हवी होती. ठेवली नाही. "चुप खड़ी रहो, देर हो रही है" म्हटलं आणि दुसरा गालही रंगवला.

स्टेजवर ऋचाने छडी ऑस्ट्रेलियावर ठेवून ग्रीनलंडचं वर्णन केलं आणि टाळ्या पडल्या. आफ्रिकेची अकरा मुलं "हू हू" करत, उड्या मारत आली तेव्हा पहिल्या रांगेतले पाहुणे हसून हसून खुर्चीत मागे कलले. एका बाईंनी तर नाकाला पदर लावला, जणू स्टेजवरून वास येत होता. ते "हू हू"देखील मीच बसवलेलं. जगात कुठलीही माणसं असं करत जगत नाहीत हे मला, भूगोलात एम.ए. केलेल्या बाईला, ठाऊक नव्हतं का? त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. बस सुटायची वेळ झाली, आणि हेमा तशीच काळ्या तोंडाने बख्शी का तालाबला गेली.

सोमवारी तिचे वडील शाळेत आले. मला वाटलं, आता हा माणूस चार शब्द सुनावणार, आणि सुनावले तर बरं होईल असंही वाटलं. गोपीनाथ दारात चपला काढून आत आले. हातात मोतीचूरचा डबा. म्हणाले, "मैडम जी, आपने बच्ची को स्टेज पर मौका दिया। रंग के कारण इसको कोई लेता नहीं था।" आणि हात जोडले. शिव्या परवडल्या असत्या. डबा घरी आणला, पण उघडवला नाही. दुसऱ्या दिवशी कामवालीला दिला, तर बाबा म्हणाले, एक तरी ठेवायचास.

मंगळवारी सातवीला विषुववृत्तीय प्रदेशाचाच धडा होता. मी पुस्तक उघडून नुसती उभी राहिले. हेमाला वाटलं, मॅडम ओळ विसरल्या. तिने हात वर केला आणि उभी राहून घडाघडा म्हणून दाखवलं, "यहाँ के निवासी काले, नाटे, चपटी नाक वाले तथा आलसी होते हैं।" पुस्तकात हे वाक्य नाही, शमू. माझ्या नोट्समध्ये आहे. मी एकोणीस वर्षं दर साली हे मुलांना लिहून देते आणि जे मूल जसंच्या तसं उतरवेल त्याला पैकीच्या पैकी मार्क देते. हेमाला सहामाहीत मिळाले होते. मी म्हटलं, सगळ्यांनी ते वाक्य खोडा. साठ पेनं खरखरली. मग मागच्या बाकावरून यशने विचारलं, "मैम, तो इम्तिहान में क्या लिखेंगे?" त्याच दुपारी मिसेस टंडनना सांगून आले, पुढच्या वर्षीपासून 'विश्व-दर्शन' माझ्याकडे नको, आणि माझ्या हातून तरी काजळी कोणाला लागायची नाही. त्या म्हणाल्या, "अरे, थक गई हैं आप। कोई और कर लेगा।" करेलच. ताटली दुसरीच्या हातात जाईल, एवढाच काय तो माझा पराक्रम.

आता जे लिहायला मी इतका वेळ लावला, ते. १९७९ साली तू सहावीत होतीस. सूत्रधाराचं सगळं भाषण तुला पाठ होतं, तुझा आवाज शाळेत सगळ्यांत चांगला होता. मी तुला आफ्रिकेत घेतलं. बाबांना सांगितलं की शिक्षिकेच्या मुलीला पुढे केलं तर लोक नावं ठेवतील. तुलाही तेच सांगितलं आणि तू समजूतदारपणे मान हलवलीस. ते खोटं होतं. रांगेत तू उभी होतीस आणि माझी नजर तुझ्यावरूनही इतरांसारखीच फिरली, इतकंच खरं आहे. रात्री घरी येऊन मी तुला न्हाणीघरात बसवलं आणि डाळीचं पीठ लावून तोंड चोळायला घेतलं. काळं पाणी वाहून गेलं, मग स्वच्छ पाणी यायला लागलं, तरी मी चोळतच होते. तू विचारलंस, "आई, निघालं का?" आणि मी म्हटलं, "अजून थोडं राहिलंय." काही राहिलं नव्हतं, शमू. मला दिसत होतं. तुझे गाल सोलवटून लाल झाले तेव्हा थांबले. तू रडली नाहीस, आणि त्यानंतर मला कधी तोंडही धुऊ दिलं नाहीस.

सप्टेंबरात तुझा फोन आला तेव्हा मी बाबांना सांगितलं की मध्येच लाइन कटली. वर्मा भाभींनाही तेच सांगितलं. लाइन कटली नव्हती. सगळी रात्र कळा काढून, पहाटे बाळ झाल्यावर, सत्यजितला बाजूला सारून तू स्वतः रिसीव्हर हातात घेतला होतास आणि म्हणालीस, "आई, मुलगी झाली." आणि मी पहिला प्रश्न विचारला, "रंग कोणावर गेलाय?" तू म्हणालीस, "माझ्यावर." मी म्हटलं, "असू दे गं, डाळीचं पीठ आणि साय चोळत राहिलं की..." आणि तू फोन ठेवलास. बरोबर केलंस. मी तिकडे येऊ का, हे मी विचारत नाही. तू बोलावशील तेव्हा येईन, नाही बोलावलंस तर तेही समजेन. आले तरी तिला आंघोळ तूच घाल. पण त्या पहाटे जे पहिल्यांदा विचारायला हवं होतं ते माझ्या तोंडून निघालंच नाही, आणि ते विचारायलाच हे पत्र लिहायला बसले. तू कशी आहेस, शमू? खूप दुखलं का गं तुला?

तुझीच,
आई