त्या गोळ्यांबद्दल कुणी सांगितलंच नाही

आई, तुला मी कधी पत्र लिहिलं नाही. लग्न होऊन गावातल्याच दुसऱ्या आळीत आले, हाक मारली तर ऐकू यायची, मग लिहायचं कशाला? आता लिहिते आहे, कारण हे बोलायला गेलं की घरात माझी जीभ अडखळते.

वादळात दिवेआगरातल्या पोफळी आडव्या झाल्या, ते तू पाहिलं नाहीस. पाहुण्यांसाठी बांधलेल्या आमच्या खोल्यांचे पत्रे उडाले. ते पुन्हा बसले, मी मात्र अंथरुणातून उठेना. गॅस पेटवायचा म्हटलं तरी रडू यायचं. तुझ्या जावयांनी मला म्हसळ्याला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या आणि काही आठवड्यांत मी पाहुण्यांना घावणे घालू लागले, शेजारणीशी हसू लागले. पण ह्यांनी जवळ घेतलं की अंगात काही हलेना. राग नाही, किळस नाही, काहीच नाही.

आधी हे कूस बदलून झोपत. मग पक्ष्यांचे फोटो काढायला येणारा एक पाहुणा दुसऱ्यांदा आला, तेव्हा म्हणाले, "ह्यो परत कशाला आला?"

"पक्षी बघायला."

"दुसरीकडं पक्षी न्हाईत काय?"

त्या दिवसापासून मी पाहुण्यांना वाढत असले की हे स्वयंपाकघराच्या दाराशी उभे. मी कुणाशी हसते ते बघतायत. मलाही ह्यांचा संशय येऊ लागला. मी न्हाणीत गेले की माझा फोन चाळत असतील, नणंदेला काहीबाही सांगत असतील. आणि सगळ्यात जास्त संशय मला माझाच. ह्यांच्यावरची माझी मायाच आटली असेल का?

तेव्हा तू आठवलीस. मी कॉलेजात आहे. तू चुलीपुढे बसलेली, बाबा दारात उभे. "आज कोण आला व्हता?" त्यांचा रोजचा प्रश्न. तू तेव्हा झोपेच्या म्हणून कसल्याशा गोळ्या घेत होतीस, त्यांनी तुझं रडणं थांबलं होतं. बाबा बाहेर गेल्यावर तू अख्खं पाकीट चुलीत टाकलंस आणि म्हणालीस, "ह्या खाल्ल्या की मी तुझ्या बाबांची ऱ्हात न्हाय." मला वाटलं, खरंच कुणी आहे की काय. पुढे तुझा आजार उलटला. तू भिंतीकडे तोंड करून पडून राहायचीस, जेवण तुटत गेलं, आणि काही वर्षांनी साध्या तापाने गेलीस. गावात तुझ्या वेडाची चर्चा झाली, बाबांच्या संशयाची कुणी केली नाही.

मीही कुणाला न सांगता गोळ्या सोडल्या. पुन्हा तेच अंथरूण, तेच रडणं. ह्यांनी पुन्हा म्हसळ्याला नेलं. आता तिथे नवीन डॉक्टरीण आली होती, माझ्याहून लहान. तिने ह्यांना बाहेर बसवलं आणि मला विचारलं, "नवऱ्याजवळ जावंसं वाटतं का?"

मी सावध झाले. ह्यांनीच हिचे कान भरले असणार. "असं का विचारता?"

"ह्या गोळ्यांनी पुष्कळांची ती इच्छा मरते. बायकांची आणि पुरुषांचीही. लाजेपायी कुणी बोलत नाही, गुपचूप गोळ्या सोडून देतात. गोळी बदलता येते, कमी करता येते. फक्त आपल्या मनाने बंद करायची नाही."

मी म्हटलं, "हे त्यांना तुम्ही सांगा. माझ्या तोंडून खरं वाटणार नाही."

ह्यांनी मान खाली घालून सगळं ऐकलं. मग तिच्यावरच चिडले. "मंग पयल्या दिवशीच का न्हाय सांगितलं? घर मोडलं असतं आमचं."

"सांगायलाच हवं होतं," ती म्हणाली.

गोळी बदलली. हळूहळू थोडं परत आलं, सगळं नाही. आता ती डॉक्टरीण नव्या रुग्णाला घरच्यांसकट बसवून हे आधीच सांगते, आणि कधीकधी मला बोलवून घेते. पहिल्यांदा बोलले तेव्हा बायका तोंडाला पदर लावून बसल्या. नंतर एका म्हातारीने माझा हात धरला. "माझ्या सुनेला मी काय काय बोलले गं," एवढंच म्हणाली आणि हात सोडेना.

तुझ्या गोळ्या ह्याच जातीच्या होत्या का, ते मला कधी कळणार नाही. म्हणजे हाही माझा संशयच. पण हा मला ठेवावासा वाटतो.

पत्र टाकायला तुझा पत्ता नाही. बाबा मात्र आहेत. आता माझ्याकडेच असतात, सकाळी ओटीवर ऊन आलं की सुपारी सोलत बसतात. म्हसळ्याला परक्या माणसांपुढे जे बोलते, त्यातलं अवाक्षर मी त्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते रडतील, आणि मग मलाच त्यांना उगी करावं लागेल. ते मला अजून करायचं नाही.