टाकातला माणूस

२ फेब्रु. ९८, नाशिक

पुन्हा तेच! पंढरीभाऊजींनी काल सायखेड्याला चार माणसांत यांना ऐकवलं. धुळवडीला घरच्या वीराचा टाक, ती चांदीच्या पत्र्यावरली मूर्ती, हातात घेऊन वीर नाचवू तेव्हा लांब उभे राहा, टाकाला हात लावायचा नाय. का? तर आमचा वीर पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या लढाईत मेला, बिनलग्नाचा. मग तो तुमचा आजा कसा? मनमाडचा कोण उपरा आमचं नाव लावून बसला.

हे वरून त्यांचाच चहा पिऊन आले.

आजा पलटणीतून जिता आला, हे सासऱ्यांनी मला स्वतः सांगितलेलं. भाऊजी चुलतदीर, मान देते. विश्वास नाय.

८ फेब्रु. रविवार

मनमाडला आत्याबाईंकडे. सासऱ्यांची बहीण, त्या आजाचीच लेक. सरळ विचारलं, तुमचे बाबा लढाईत मेले म्हणतात, मग तुम्ही कुठून आलात?

हसली. दात नाय एक. "आले ना घरी. देव्हाऱ्यात बघतात तर त्यांचाच चांदीचा टाक! खबर नव्हती, म्हणून मेला समजून वीर बसवला व्हता. उंबऱ्यावरनं माघारी लावलं. बसवलेला देव उठवायचा कसा?"

मग रेल्वेत लागले. लग्न, पोरं, सगळं मनमाडला. दर धुळवडीला सायखेड्याला जायचे. नदीच्या अलीकडं उभं राहून पलीकडं आपलाच वीर नाचताना बघायचे. डावा पाय गोळीनं अधू. तेवढा वेळ उभं राहवायचं नाय, तरी बसायचे नाय.

"मग इतकी वर्षं गप्प का?"

"बाबांनी शपथ घातलेली."

शपथ आज बरी सुटली! म्हातारी रचून सांगत नसेल कशावरून? यांना काही बोलले नाय.

१ मार्च

सायखेडा. भाऊजी ओट्यावर सुपारी कातरत. म्हटलं, यंदा वीर कोण घेणार? गावच्या गोष्टी झाल्या. मधेच विचारलं, "भाऊजी, तो म्हातारा कुठल्या पायानं लंगडायचा हो?"

"डाव्या."

आणि अडकित्ता थांबला.

मी म्हटलं, बसऱ्याला मेलेला माणूस लंगडताना तुम्हाला दिसला कुठं?

लाल झाले. "वहिनी, मी लहान होतो. नदीपलीकडं एक माणूस यायचा. आजी म्हणायची, तिकडं बघू नको." मग आवाज चढवून, "टाक बसला होता! मेला म्हणजे मेला!"

म्हणजे म्हातारी खरी. आणि हा माणूस सगळं जाणून यांना उपरा म्हणतो.

७ मार्च

यांना सांगितलं. एवढंच म्हणाले, "आजोबा आत आलेच नाय का गं कधी?" डोळे पुसले. मला असलं बघवत नाय.

भाऊजींना निरोप धाडला. वीर मेला का जिता आला, चार माणसांत, यांच्या तोंडावर सांगा. मेला म्हणत असाल तर धुळवडीला आत्याबाईंना घेऊन नदीच्या अलीकडं उभी राहते, आणि तिथून हाक मारायला लावते, बाबा म्हणून. जिता आला म्हणत असाल तर टाक यांच्या हातात द्या.

गुरुवारी होळी. ती पेटायच्या आत उत्तर पाहिजे.