दुपारची दूधपोळी

जळगाव, १२ जानेवारी २०२४

ती. कोकिळाआत्यांना दिपमालाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. आमच्या ईश्वरीच्या आजाराचं निदान झालं. तिला गहू बाधतो. औषध नाही, गहू जन्मभर बंद. मग आम्ही साऱ्या घरानेच सोडला. गिरणीत पीठ मिसळतं म्हणून घरघंटी आणली. बाजारच्या हिंगातही मैदा असतो म्हणे, तोही फोडणीतून गेला. आता दादर ज्वारीची नाहीतर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. तुमचे भाचे वरण-बट्टीच्या आठवणीने उसासे टाकतात, पण मुलीसमोर चकार शब्द काढत नाहीत.

तरी पोर सुकतच चालली आहे. रक्त पुन्हा तपासलं, तर पोटात गहू जातोच आहे. डॉक्टर माझ्यावरच रागावले. आत्या, घरात गव्हाचा दाणा नाही. ती आजारी, शाळेतही जात नाही. मात्र दुपारी तिच्या ओठांना दुधात चुरलेल्या पोळीचे कण लागलेले असतात आणि स्वयंपाकघरात तूप कढवल्याचा वास येतो. कोणी दिलं विचारलं, तर तिने सासूबाईंच्या फोटोकडे बोट दाखवलं. त्या तर हिच्या जन्माआधीच गेल्या. यांना सांगितलं, तर हे उठून बाहेर गेले.

तुम्हाला हे वेडेपणाचं वाटलं, तर तसंच लिहा. मला बरं वाटेल.
तुमची दिपमाला

फागणे, जि. धुळे
२० जानेवारी

चि. दिपमाला हिला अनेक आशीर्वाद.

वेडेपणाचं वाटलं नाही. पत्र दोनदा वाचलं.

लीलाधरच्या आधी तुझ्या सासूला, तानुवहिनीला, एक मुलगा होता. नवसाचा, दृष्ट लागू नये म्हणून नाव उखर्डू ठेवलं. पोट फुगलेलं, हातपाय काड्या. तेव्हा आम्ही सगळे भाकरीच खायचो, गहू सणावाराला. पण पोर अशक्त, म्हणून वहिनी माहेरून गहू मागवायची आणि दुपारी सगळे शेतात गेले की त्याला मांडीवर घेऊन दूधपोळी भरवायची. तो जितका वाळायचा, तितकी ती जास्त भरवायची. चार वर्षांचा होऊन गेला. त्यानंतर त्याचं नाव घरात कोणी घेतलं नाही. लीलाधरलाही माहीत नसेल.

तुझं पत्र येईपर्यंत गव्हाने माणूस मरतं, हे मला ठाऊक नव्हतं. तिलाही नसणार. वाळलेलं पोर दिसलं की तिचा हात थांबत नसेल. तू घाबरू नकोस. तिच्याशी सून म्हणून बोल आणि समजावून सांग.

पोरीला जप, मला कळवत राहा.
कोकिळाआत्या

जळगाव, ११ फेब्रुवारी

ती. आत्यांना सा. न. वि. वि.

सांगितल्याप्रमाणे केलं. दुपारी वास आला तशी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. आत दुसरं कोणी नव्हतं. ईश्वरी ओट्याशी मांडी घालून बसली होती आणि तोंड वर करून घास घेत होती. म्हटलं, "आई, हिला गहू बाधतो. गव्हानेच ती वाळते आहे. द्यायची तर भाकरी द्या."

वास गेला. ईश्वरीने तोंड मिटलं.

त्या दिवसापासून दूधपोळी बंद आहे. पोरीचं पोट उतरलं, गालांवर रंग आला. डॉक्टर खूश आहेत. पण आत्या, आता ती रोज दुपारी मला एकच प्रश्न विचारते. आपण घरात अहिराणी बोलत नाही, तिला एक शब्द येत नाही. उखर्डूभाऊंचं नाव मी कोणापाशी काढलेलं नाही. तरी ती मोठ्या बाईच्या आवाजात विचारते, "मंग मना उखर्डूले बी गहूच बाधना का?" माझ्या उखर्डूलाही गहूच बाधला का, असं.

मी काय उत्तर देऊ?
दिपमाला

फागणे, १८ फेब्रुवारी

चि. दिपमाला हिला आशीर्वाद.

दोन दिवस जेवण गेलं नाही. आधी वाटलं, नाही म्हणून सांग, मेलेल्या आईला कशाला हे. पण नाही म्हटलंस, तर ती पुन्हा पोळी चुरायला बसेल. खरं सांग. हेही सांग की तेव्हा कोणालाच कळत नव्हतं. आणि म्हणावं, कोकिळाने निरोप दिला आहे, वहिनी, तुझ्याइतकं त्याला कोणी जपलं नाही.

आत्या

जळगाव, ३ मार्च

ती. आत्यांना सा. न. वि. वि.

सांगितलं. तुमचा निरोपही शब्दाला शब्द सांगितला. ईश्वरी कितीतरी वेळ रडली, आणि ते रडणं तिचं नव्हतं. मग माझ्या मांडीवर झोपली. उठली, तेव्हा तिला काही आठवत नव्हतं. संध्याकाळी यांना सगळं सांगितलं. हे फोटोसमोर बसून राहिले आणि "मला एक भाऊ होता," एवढंच म्हणाले.

ईश्वरी आता शाळेत जाते. दुपारी घरात मी एकटीच असते. सकाळच्या भाकरी टाकून झाल्या की शेवटी तळहाताएवढी एक जास्तीची टाकते आणि वाटीतल्या थोड्या दुधाबरोबर ओट्यावर ठेवते. पहिल्या दिवशी का केलं, मलाच माहीत नाही. दुपारी वाटी रिकामी असते, आणि ओट्याखाली जमिनीवर भाकरीचे कण सांडलेले असतात, लहान मूल जेवून उठल्यावर सांडतात तसे.

मी ते झाडून घेते. आता भीती वाटत नाही.

लोभ आहेच, तो राहू द्या.
तुमची दिपमाला